दुबईला धाडलेला माणूस

पेठच्या पुढे रस्त्याकडेच्या हॉटेलात आम्ही मिसळ खाल्ली. शनिवार होता, सकाळचे साडेनऊ. आरतीनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "घरी सांगितलं ना तू?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

सगळं म्हणजे दोन गोष्टी. एक, आम्ही लग्न करणार आहोत. दोन, तिचा नवरा समर्थ चार वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेला. आम्ही एकाच कंपनीत आहोत, मी पुण्यात आणि ती नागपुरात. सव्वीस जानेवारीच्या जोडसुट्टीत माझं गाव बघायला यायचं ठरलं, तेव्हाच तिनं अट घातली होती. तुमच्या दारात उभी राहून मी माझी हकिगत सांगणार नाही, ते तू आधी कर. मी हो म्हटलं होतं.

प्रत्यक्षात मी आईला फोनवर एवढंच सांगितलं होतं की ऑफिसमधल्या एक मॅडम शिवनेरी बघायला येणार आहेत.

"एकल्याच? लगीन झालंय का न्हाई?" आईनं विचारलं.

नाही म्हटलं असतं तर ती त्याच दिवशी पत्रिका मागायला बसली असती. माझं वय छत्तीस आहे. विधवा आहेत म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मी कधी तपासलंच नाही.

"झालंय," मी म्हणालो.

"मालक काय करत्यात त्यांचे?"

"दुबईला असतात."

आमच्या वारूळवाडीतली दोन मुलं दुबईला आहेत, म्हणून ते तोंडात आलं असेल. फोन ठेवताना मला हलकं वाटलं, तेही इथं सांगायला हवं.

मंचरला कांद्याच्या गाड्यांमुळे पस्तीस मिनिटं गेली. नारायणगावजवळ वारूळवाडीची पाटी दिसली तशी आरती सावरून बसली, तिनं आरशात बघून केस नीट केले. मी गाडी सरळ जुन्नरच्या रस्त्याला घेतली.

"हे तुझं गाव ना?"

"उद्या जाऊ. आधी किल्ला करू, नंतर गर्दी वाढते. तुझी आज जुन्नरच्या लॉजवर सोय केलीय."

तिनं केस पुन्हा रबरात बांधले.

जुन्नरच्या पेठेत तिला माझ्या आईसाठी लुगडं घ्यायचं होतं. मी तिला रमणलालांच्या दुकानात नेलं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या लग्नांचे बस्ते त्यांच्या गादीवर बांधले गेले आहेत. "नऊवारी दोन दाखवा," आरती म्हणाली. एक आईला आणि एक साळुकाकीला. काकी माझी धाकटी चुलती. ती आमच्यातच राहते, हे मी कधीतरी बोललो होतो, ते आरतीनं लक्षात ठेवलं होतं. ती पदर उलगडून बघत होती तेव्हा रमणलालांनी मला खुणेनं बाजूला घेतलं.

"सुदर्शनभाऊ, काय बातमी? पेढे कधी?"

"छे हो. ऑफिसच्या मॅडम आहेत. मिस्टर दुबईला असतात."

दुसऱ्यांदा सांगताना अडखळायलाही झालं नाही.

शिवनेरीवर सुट्टीची गर्दी होती. शिवाई देवीच्या पायऱ्यांवर आरतीनं माझा हात धरला. समोरून आमच्या गावातला गोरख पोरंबाळं घेऊन उतरत होता. मी हात सोडवून खिशातून मोबाइल काढला. गोरख "काय राव, दिसत न्हाई हल्ली" म्हणत पुढे गेला. वर कडेलोटापाशी, समोरच्या लेण्याद्रीच्या डोंगराकडे बघत ती म्हणाली, "समर्थला किल्ल्यांचं वेड होतं. या किल्ल्यावर यायचं राहून गेलं त्याचं." मग माझ्याकडे वळली. "तुझ्या आईला हे ऐकून कसं वाटलं? काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, घेऊन ये."

हे वाक्य मात्र खरं होतं.

संध्याकाळी घरी पोचलो तर आई ओसरी सारवून घेत होती. उद्या रथसप्तमी आहे, हे मला तिथं कळलं. सुट्टीसाठी कॅलेंडर बघताना मी फक्त सव्वीसच्या आकड्याकडे पाहिलं होतं, त्याच्या आदल्या चौकोनात काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकू चालतं आणि आईचं दरवर्षी शेवटच्या दिवशी असतं.

"मॅडमला चार वाजता आन," आई म्हणाली. "नागपूरची सवाष्ण आपल्या दारात येतीय. पयला मान त्यांचाच."

आईला सांगायला माझ्याकडे वीस तास होते. जेवताना एकदा मी "आई" म्हणालो. तिनं भाकरी वाढली.

रविवारी लॉज सोडून चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही घरी पोचलो. ओसरीवर पंधरा-सोळा बायका बसल्या होत्या. आईनं आरतीला हात धरून पाटावर बसवलं. मी ऊस, बोरं, हरभऱ्याचं ताट घेऊन दाराशी उभा राहिलो. आईनं हळदीचं बोट लावलं, मग कुंकवाचं. आरतीचे डोळे भरून आले. तिनं आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्याविषयी जो अभिमान होता, तो मी आयुष्यात कुणाच्या नजरेत पाहिलेला नाही. सगळं ठाऊक असून या बाईनं मला कुंकू लावलं, असं तिला वाटत होतं.

मी ताट या हातातून त्या हातात घेतलं.

"आता नाव घ्या, मॅडम!" शेजारची बयाबाई ओरडली. बयाबाई असली की हळदीकुंकवात नाव घेतल्याशिवाय कुणाची सुटका नसते. "लाजू नका. आधी मी घेते. टोमॅटोच्या क्रेटला बांधली दोरी, सुदामरावांचं नाव घेते, करू नका शिरजोरी!"

"सुदामराव घरात करून देत्यात का शिरजोरी?" कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

आरतीही हसली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अहो, आत्ताच कसं घेऊ? लग्न कुठं झालंय अजून?"

"आता गं बया!" बयाबाईनं तोंडाला पदर लावला. "मंग दुबईवाल्याशी बिनलगनाच्या ऱ्हाता व्हय?"

हशा उसळला.

"दुबईला कोण?" आरतीनं विचारलं.

"तुमचे मालक," आई म्हणाली. अजून ती हसतच होती. "सुदर्शन म्हनला व्हता की."

आरतीनं माझ्याकडे पाहिलं. मग आईनं. मग एकेक करून सगळ्यांनी. रस्त्यावरून एका ट्रॅक्टरचा आवाज येऊ लागला. तो ट्रॅक्टर आमच्या घरावरून जाऊन वळणावर पोचेपर्यंत मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "आई, चहा टाकायला सांगू का?"

आरतीनं डोळे खाली केले. मग आईकडे बघून ती शांतपणे बोलली. "माझे मिस्टर चार वर्षांपूर्वी वारले. समर्थ नाव त्यांचं. तुम्हाला सांगितलंय असं सुदर्शन मला म्हणाला होता, म्हणून मी कुंकू लावून घेतलं. तुम्हाला फसवायचं नव्हतं मला."

बयाबाईनं आपली ओटी जवळ ओढून घेतली. आरती पाटावरून उठली. बाहेरच्या दारात मी उभा होतो, म्हणून ती आतल्या दारानं गेली.

आईच्या हातात अजून कुंकवाचा करंडा होता. बायकांसमोर ती मला कधी बोलली नव्हती.

"जित्या मानसांबद्दल खोटं बोलत्यात लोकं," ती म्हणाली. "तू मेलेल्या मानसाला दुबईला धाडलंस?"

मी आत गेलो. स्वयंपाकघरात साळुकाकी तिळगुळाच्या पुड्या बांधत होती. काका गेले त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून दर रथसप्तमीला काकी आत बसून पुड्या बांधते आणि त्या बाहेर न्यायचं काम माझ्याकडे असतं. ती आत का बसते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आरती तिच्या शेजारी फरशीवर बसली होती आणि रुमालानं कपाळ पुसायला निघाली होती. काकीनं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. लावनारीनं मनापासून लावलंय."

"मला पुण्याला जायचंय, काकी."

"जा की. पन पाच पुड्या बांधून जा. माझी बोटं दुखायलीत."

आरतीनं पाच पुड्या बांधल्या. मी उभा होतो. दोघींपैकी कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही.

ती गाडीकडे निघाली तेव्हा आई बायकांना तशाच सोडून मागून आली. हातातल्या पिशवीत ओटीचे तांदूळ, नारळ, खण आणि वाण होतं. मी पुढचं दार उघडलं. आरती मागे बसली. दुसऱ्या बाजूनं आई तिच्या शेजारी बसली.

नारायणगावच्या स्टँडपर्यंत दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत आईनं विचारलं, "कसे व्हते तुमचे मालक?" आरती सांगत गेली. त्याला किल्ले आवडायचे, चहात साखर जास्त लागायची, तापात चार दिवस तो कामावर गेला होता. पैकी चहाचं मला ठाऊक नव्हतं. मी गाडी चालवत होतो.

पुण्याच्या गाडीला अर्धा तास होता. दोघी बाकावर बसल्या. मी खांबाशी उभा राहिलो. तेवढ्यात गोरख आला. त्याला बहिणीला गाडीत बसवायचं होतं.

"काय काकू, पावनी कोन?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. आरतीनंही पाहिलं.

"आरती," मी म्हणालो. "मला हिच्याशी लग्न करायचंय. हिचे मिस्टर चार वर्षांपूर्वी वारले. मी घरी खोटं सांगितलं होतं."

"बरं, बरं," गोरख गोंधळून म्हणाला. "चालू द्या तुमचं." आणि बहिणीची बॅग शोधायला गेला.

"हे त्याला सांगितलं तू," आरती म्हणाली. "त्याचं काय अडलं होतं?"

गाडी लागली. आरती खिडकीशी बसली, कपाळावर कुंकू तसंच होतं. आईनं खिडकीतून पिशवी आत दिली. "पोचलीस की मला फोन कर. नंबर घेतलाय ना माझा?" आरतीनं मान हलवली. गाडी हायवेला लागली.

मी येऊन पुढचं दार उघडलं. शेजारची सीट रिकामी होती. आई मागे जाऊन बसली.