कोरडा दोरा

"मावशी, पीस गळाला नाही गुंडाळायचं. झुपक्याच्या बुडाशी गुंडाळायचं. किती वेळा सांगू?"

"तसंच तर केलंय, सुवर्णा. बघ की."

बघितलं. तसंच केलं होतं, हेच तर दुखणं होतं. बारीक गळ, त्याच्या पाठीवर शेंडीसारखा उभा पांढरा झुपका, आणि झुपक्याच्या बुडाशी कोंबड्याच्या पिसाचे सपाट, आडवे वेढे. परदेशातले लोक मासे पकडायला असले खोटे किडे वापरतात. पिसाच्या आधारावर किडा पाण्यावर तरंगला पाहिजे. द्वारका चौकाजवळच्या आमच्या कारखान्यात आम्ही बायका त्याला छत्री म्हणायचो. ठमाबाईंची छत्री मी पाण्याच्या घमेल्यात टाकली. ती कलंडली आणि बुडाली. सकाळपासूनची ही अकरावी.

अठ्ठ्याण्णव सालचा तो शनिवार. मालक रंगनाथराव सांगून गेले होते, पाच वाजता प्रत्येकीच्या बारा छत्र्या पाण्यात टाकून बघणार. जिच्या बाराही तरंगतील तिनेच सोमवारी यायचं. मी शिकवलेल्या बाकीच्या बायकांना जमलं होतं. ठमाबाईंनी चाळीस वर्षं आपल्या मळ्यातल्या मोगऱ्याचे गजरे बांधले होते. मळ्याचे प्लॉट पडले तेव्हा मीच त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. आता माझंच डोकं फिरायची वेळ आली होती.

तीन वाजता मला दिसलं. गाठ मारण्याआधी त्यांचा डावा हात हळूच मांडीवर जायचा. तिथे डबीच्या झाकणात ओलं फडकं होतं. दोरा त्यावरून ओढून मगच गाठ.

"हे काय?"

"कोरड्या दोऱ्यानं देठ तुटतो."

"मावशी, इथे देठ कुठाय? मेलेल्या कोंबड्याचं पीस आहे ते! ओल्या दोऱ्यावर गाठीचं व्हार्निश धरत नाही, वेढे सैल पडतात. म्हणून बुडतंय सगळं."

"मग आधी सांगायचं ना," त्या शांतपणे म्हणाल्या. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

फडकं मी काढून घेतलं. तरी हात मांडीवर जायचाच, रिकामा परत यायचा, मग गाठ पडायची. एवढ्याशा गोष्टीत वेळ चालला होता आणि मला बघवत नव्हतं. पाचला दहा मिनिटं असताना त्यांच्या डबीत कोरड्या दोऱ्याच्या नऊ होत्या. त्या पाणी प्यायला उठल्या तशा मी माझ्या जास्तीच्या तीन त्यात टाकल्या.

परत येऊन त्यांनी डबी उघडली, त्यातल्या तीन बरोबर वेचून माझ्या तळहातावर ठेवल्या.

"ह्या तुझ्या. गाठ वळखू येते."

"राहू द्या ना मावशी. कोण बघतंय?"

"नाय."

पाच वाजता घमेल्यात त्यांच्या नऊच्या नऊ तरंगल्या, झुपके ताठ. रंगनाथराव म्हणाले, "बारा सांगितल्या होत्या." मी भांडायला तोंड उघडलं, तर ठमाबाईच म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं." मावशींचा इतका राग मला कधी आला नव्हता. त्यांनी फडकं मागून घेतलं, पिळलं, चौपदरी घडी घातली आणि जिना उतरून गेल्या.

सगळे गेल्यावर मी चिडून माझ्या तिन्ही छत्र्या, त्यांच्या नऊ अजून तरंगत होत्या त्याच घमेल्यात भिरकावल्या आणि कारखान्याला कुलूप लावलं.

सोमवारी कुलूप उघडलं तेव्हा ठमाबाईंच्या नऊ तशाच तरंगत होत्या. तळाशी तीन पडल्या होत्या.

मागून रंगनाथराव आले. घमेल्यात वाकून म्हणाले, "तरी म्हटलं होतं ना. या बुडालेल्या त्या बाईंच्याच ना?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या आहेत."