ऐंशी खणांत न मावलेली होडी

मी ओळ ठेवायचा डबा बोलतोय. घरातला पत्र्याचा डबा नव्हे. संगणकाच्या पोटात एकाला एक लागून ऐंशी खण, तेवढंच माझं अंग. फाइलमधली एक ओळ माझ्यात येते, प्रोग्राम ती वाचतो, मग पुढची ओळ तिच्या जागी येऊन बसते. माझी कोणी पूजा केली नाही, नारळ फोडला नाही. माणसं फक्त पडद्याला नमस्कार करतात.

माझा जन्म मालवणच्या किनाऱ्यावर, मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत झाला. जन्मदात्री किशोरी. ती तंत्रनिकेतनात सी भाषा शिकवते, आणि शिकवते हे समोरच्याला दर पाच मिनिटांनी कळतं. तिचे वडील सोसायटीचे अध्यक्ष. त्यांना सगळं गाव भाई म्हणतं, आणि तीसुद्धा.

वाऱ्याचा इशारा आला की भाई एकेका होडीला फोन करायचे. बेचाळीस होड्या, बेचाळीस फोन. पलीकडून "आमी येतंव" असं ऐकल्याशिवाय ते फोन ठेवत नसत. किशोरीला हे अडाणीपणाचं वाटलं.

"भाई, आता एकेकाक फोन करूक नको," ती म्हणाली. "यादी फाइलीत घालतंय. एक बटण दाबला की सगळ्यांका मेसेज."

भाई खूश झाले. लेकीची हुशारी आणि आपला आळस एकाच बटणात बसला की बापाला आणखी काय हवं असतं!

मला घडवताना तिने विचार किती केला? मोजून एक क्षण. "ऐंशी पुरे," असं पुटपुटली आणि पुढे गेली. तपासायला तिने वर्गाचा हजेरीपट वापरला, तोही इंग्रजीत. सगळी नावं माझ्यात ऐसपैस बसली. इंग्रजी अक्षराला माझा एक खण लागतो. मराठी अक्षराला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार यांनाही प्रत्येकी तीन. हे बाईंना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. दरवर्षी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेते. पण वर्गात सांगितलेलं घरी पाळायचं असतं, असा तिच्यात रिवाज नसावा.

यादी मात्र मराठीत आली. होडीचं नाव, ती चालवणाऱ्या तांडेलाचं नाव, फोन. होड्यांच्या फळीवर लांबलचक नावं असतात, पण यादीत बहुतेकांनी आखूड दिली. बाळा नावाच्या तांडेलाने नुसतं 'जलपरी' सांगितलं. अडली ती एकटी सुभद्रा. ती बाजारात मासळी विकते, आणि तिचा मुलगा मंगेश होडी चालवतो.

"पुरा नाव लिव," ती म्हणाली. "श्री देव रामेश्वर प्रसन्न. मंगेशाच्या बापाशीन ठेवलेला. देवाचा नाव कोण अर्धा घेता काय?"

किशोरी हसली, पण लिहिलं तिने पुरं. लिहिताना खण मोजावेत, हे काही तिला सुचलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी इशारा आला. किशोरीने ऐटीत बटण दाबलं. एकेक ओळ माझ्यात येऊ लागली, एकेक मेसेज सुटू लागला. मग ती ओळ आली. देवाच्या नावाने एकोणसत्तर खण खाल्ले, स्वल्पविरामाने एक. उरलेल्या नऊ खणांत तांडेलाचं नाव शिरलं ते एवढंच: 'मंग'. शेवटचा खण संगणकाच्या स्वतःच्या शून्यासाठी राखीव असतो. मी भरलो.

ओळ पुरी आली असेल तर तिच्या शेवटी ओळ संपल्याची खूण येते. ती खूण नव्हती. मी तसाच उघडा उभा होतो, कोणीही बघावं. पण बघायची आज्ञाच किशोरीने लिहिली नव्हती. प्रोग्रामने पाहिलं, यात फोन नाही, आणि तुकडा टाकून दिला. मग उरलेलं शेपूट माझ्यात आलं. यात होडी नाही, म्हणून तेही टाकलं. पुढे 'जलपरी' आली आणि बाळाला मेसेज गेला. सगळ्यात शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं, 'काम पूर्ण'. ते तर काहीही झालं तरी उमटणारच होतं. बाईंनी ते आधीच लिहून ठेवलं होतं.

तेवढ्यात सुभद्रा टोपली घेऊन दारात आली.

"माज्या झिलाक खबर गेली काय गो?"

"गेली गो मावशी, सगळ्यांका गेली. ह्या बघ, लिवलेला आसा."

"कायतरी बोललो काय तो?"

"मेसेजीत बोलणत नाय गो," किशोरी म्हणाली आणि चहाचा कप उचलला.

सुभद्रा बाजारात गेली. शिकलेल्या पोरीवर तिने विश्वास ठेवला. मला त्या क्षणी किशोरीची जितकी किळस आली, तितकी कधी आली नव्हती. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

चारच्या सुमारास वारा सुटला. बाळा घाईघाईने परत फिरत होता, तेव्हा त्याला मंगेशची होडी खडपावर, पाण्यातल्या खडकांवर आदळताना दिसली. त्याने मंगेशला आणि बरोबरच्या दोघांना ओढून घेतलं. माणसं वाचली. होडी फुटली.

"माका खबर इलीच नाय," मंगेश किनाऱ्यावर एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा कचेरीत आली. ती ओरडली नाही, रडली नाही. होडीच्या तोंडाकडची एक फळी वाळूत लागली होती, ती तिने किशोरीच्या टेबलावर ठेवली.

"वाच," ती म्हणाली. "पुरा वाच."

किशोरीने वाचलं. श्री देव रामेश्वर प्रसन्न. भाई खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी खिशातून जुनी फोनवही काढली, आणि त्या दिवसापासून पुन्हा एकेकाला फोन करू लागले.

किशोरीने माझे हजार खण केले. ओळीच्या शेवटी खूण आहे का, तेही आता ती तपासते. नसेल तर प्रोग्राम थांबतो आणि ओरडतो. दोन ओळींचं काम होतं. दोनच ओळींचं! प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, तुमच्या 'काम पूर्ण'वर मी थुंकतो. आधी माझ्या शेवटी काय आहे ते बघा, मग चहा प्या.

मंगेश आता बाळाच्या होडीवर जातो. यादीतली त्याची ओळ काढून टाकायला सुभद्राने नकार दिला. परवा इशारा आला तेव्हा ती ओळ माझ्यात पहिल्यांदाच पुरी मावली, खुणेसकट. मेसेज बिनचूक गेला. त्या नावाची होडी मात्र आता समुद्रात नाही.