झेंडूला साबण

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लहू फेसात उतरला. पवईच्या ऑफिसातलं सहाव्या मजल्यावरचं टॉयलेट दोन दिवसांनी उघडलं होतं आणि साबण उंबऱ्यापर्यंत चालत आला होता.

भिंतीवर साबणाची सहा मशीनं. खाली हात धरला की फेस सोडणारी. ती चालू ठेवणं हे लहूचं काम. आज प्रत्येक मशीनला झेंडूची माळ लटकत होती. एसीच्या वाऱ्याने माळ हलायची, मशीनला वाटायचं कुणीतरी हात पुढे केलाय. दसऱ्याची अख्खी सुट्टी ती बिचारी झेंडूला साबण देत बसली होती.

"जानकी! माळा कुणी बांधल्या गं?"

"मीच." सफाईवाली जानकी मॉप पिळत म्हणाली. "झाडूला बांधली, बादलीला बांधली. मग यांनीच काय घोडं मारलं?"

"वाट लावलीस यार! मॅडम येतायत."

ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्या समीक्षा मॅडम दारातच थांबल्या, सँडल वाचवत. "कोणामुळे झालं त्याचं नाव रजिस्टरात लिहा. उद्यापासून तो माणूस इथे नको."

जानकीचा मॉप थांबला. लहूने पेन काढलं, तिच्या नावाची दोन अक्षरं लिहिली.

तेवढ्यात मॅडम वाकून बघायला लागल्या. "पाच रिकामी. पण हे शेवटचं बघा! काठोकाठ भरलेलं. माळ असून एक थेंब सांडला नाही. याला म्हणतात मेंटेनन्स! बाकीची पण अशीच करून टाका, लहू."

"हो, मॅडम."

ते मशीन आठ दिवस बंद होतं. सेल बदलायचे राहून गेलेले. रजिस्टरात मात्र रोज 'चालू', लहूच्या अक्षरात. त्याच्याखाली हात धरून ताटकळणाऱ्यांना जानकीच रोज बाजूच्या मशीनकडे पाठवायची.

तिने लहूकडे एकदा पाहिलं. मॉप पुन्हा फिरायला लागला.

"लिहिलं नाव?"

लहूने दोन अक्षरं खोडली, बाजूला दुसरंच काही लिहिलं आणि रजिस्टर पुढे केलं.

"एसीचा वारा?" मॅडमनी वाचलं. "वाटलंच मला. एसीवाल्यांना बघतेच आता." फोन कानाला लावत त्या गेल्या.

सुट्टीभर ऑफिसातच राहिलेली बॅग लहूने सेल घ्यायला उघडली. आत स्क्रूड्रायव्हरला झेंडूचं एक फूल बांधलेलं होतं, सुकत आलेलं. पान्यावर कुंकवाचं बोट.

फूल न काढता तसाच स्क्रूड्रायव्हर घेऊन तो शेवटच्या मशीनपाशी गेला.

"आधी माळ काढ रे," मागून जानकी म्हणाली. "नाहीतर हे पण कामाला लागेल."