बाहेरचा पाय

काचेवर उभं राहायच्या आधी शिवदासांनी रुमाल काढून पाय पुसले. मग काचही पुसली.

"अंकल, राहू द्या, मशीन आहे," अल्पेश म्हणाला. पूनम सागर वसाहतीजवळच्या त्या दुकानात फक्त चालायचे बूट मिळत. अल्पेश ते विकायचा, पण त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'फूट कन्सल्टंट' असं लिहिलेलं होतं.

काचेखालून हिरवा उजेड फिरला आणि समोरच्या पडद्यावर दोन तळवे उगवले. लाल, पिवळे, निळे. हवामानाच्या नकाशात वादळं दिसतात तसे. दोन-तीन गिऱ्हाइकं आपापला एकेक बूट हातात धरून बघत राहिली. शिवदासांनी आपोआप हात जोडले.

"बाबा, हात खाली. हलायचं नाही," त्यांची मुलगी हेमांगी म्हणाली.

"हितं आमचा मिठाचा वाफा व्हता," शिवदास न हलता म्हणाले.

"हो अंकल, इथे सगळ्यांचाच होता." अल्पेशने पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "उजवा नऊ नंबर. डावा आठ."

हेमांगीने डोळे मिटले. साखरेच्या आजाराने शिवदासांच्या पायांची जाणीव गेली होती. मागच्या बुटाने उजवा अंगठा सोलला, ते त्यांना मोज्यातल्या रक्तावरून कळलं होतं. रोज चालायचंच, चपलेत नाही, बुटातच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; आणि पुन्हा जखम झाली तर अंगठा ठेवता येणार नाही, हेही. तेव्हापासून घरात त्या अंगठ्याची बडदास्त जावयासारखी चालली होती.

"नऊची जोडी द्या मग."

"डावा आत फिरणार. फोड येणार."

"आठची?"

"मग उजवा गेला, दीदी."

"एक आठ, एक नऊ द्या ना!"

"जोडी तुटत नाही," अल्पेश म्हणाला. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात त्या आवाजात. "उरलेला एकेक पाय कंपनी परत घेत नाही."

"आपण दोन्ही जोड्या घेऊ, बाबा."

"आनि उरलेलं बूट काय देव्हाऱ्यात ठेवू?" शिवदास काचेवरून उतरले. "चला. चपलेत चालीन. ऱ्हाईल अंगठा तर ऱ्हाईल."

हेमांगीची आई, इंदुबाई, आल्यापासून कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या, दोन्ही पाय साडीखाली ओढून. लग्नात त्यांच्या बोटांत जोडवी चढेनात तेव्हा सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. त्यानंतर त्यांच्या चपला शिवदासच आणत, स्वतःसाठी म्हणून. दुकानदारांना वाटे, हा माणूस चपला फार झिजवतो.

त्या उठल्या.

"मना उभं ऱ्हाऊ दे त्याच्यावर."

"आई, तुला कशाला?"

"बायांचं पाय दिसतात ना रे त्यात?"

"दिसतात, आंटी."

"मंग दिसू दे."

निऱ्या चिमटीत धरून इंदुबाई काचेवर चढल्या. उजेड फिरला. पडद्यावर पसरट, ऐसपैस, बोटं फाकलेले दोन पाय आले आणि मागे कुणीतरी "बाप रे" म्हणालं. इंदुबाईंनी मान वळवली नाही.

अल्पेशने मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं.

"डावा नऊ," तो सावकाश म्हणाला. "उजवा आठ."

 हेमांगी एकदा आईकडे, एकदा बापाकडे पाहत राहिली. "असं कसं होईल?"

"वाफा तुडवायला आमी जोडीनं," इंदुबाई पडद्यावरच्या पायांना सांगत होत्या. "एकमेकांच्या कमरंला हात. आतला पाय टेकायचा, बाहेरचा हानायचा. तवा तळ बसतो, न्हायतर मिठात चिखल येतो. हे उजवीला. मी डावीला."

"मग कधी बाजू बदलायची ना!"

"मी बोललो व्हतो," शिवदास म्हणाले. "ही बोलली, मना हीच बाजू बरी."

"का गं?"

इंदुबाईंनी पदर सारखा केला, तो सारखाच होता तरी.

अल्पेशने दोन्ही खोकी आणली. टाचेतल्या जेलबद्दल त्याला एक भाषण पाठ होतं, ते त्याने केलं नाही. गुडघ्यावर बसून त्याने आठचा डावा आणि नऊचा उजवा शिवदासांना चढवला. नऊचा डावा आणि आठचा उजवा इंदुबाईंना. निळे, पुरुषी, पिवळ्या नाडीचे. चारही पाय बुटांत गेले आणि खोक्यांत काहीच उरलं नाही. तरी रिकाम्या खोक्यांत त्याने पुन्हा एकदा पाहिलं.

"अंगठा?" हेमांगीने विचारलं.

अल्पेशने बुटाच्या टोकावर बोट दाबलं. "मोकळा आहे." मग त्याने बिलाच्या टेबलाकडे हात केला. "तिथपर्यंत चालून दाखवा. आंटी, तुम्ही पण."

इंदुबाई फिरून शिवदासांच्या डाव्या हाताला गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं. शिवदासांचा हात त्यांच्या कमरेवर आला, भर दुकानात, आणि त्यांनी तो झटकला नाही. आतले पाय टेकले. बाहेरचे दणकून पडले.

काचेच्या फळ्यांवर मांडलेले बूट जरासे हलले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास अल्पेशने उचलून हातात धरला आणि वाटेतून बाजूला झाला.