मागच्या सीटवरून

जोडसायकल म्हणजे एकाच सांगाड्यावर दोन सीटा, दोघांची पेडलं आणि एकच हँडल. हँडल अर्थातच पुढे. ब्रेक पुढे, घंटी पुढे. आरसाही पुढे होता, तो आमच्या ह्यांनी काढून टाकला, म्हणाले, वारा अडतो. मागच्याच्या वाट्याला धरून बसायला एक न हलणारी दांडी येते आणि बघायला पुढच्याची पाठ. ह्यांची पाठ मी संसारभर पाहिली आहे, पण इतक्या जवळून आणि इतका वेळ कधी पाहिली नव्हती. शर्ट मीच शिवलेला. पाठीचा जोड डावीकडे किंचित ओढला जातोय हे मला पहिल्याच दिवशी दिसलं, आणि मग दुसरं काही दिसेना.

मुलूख मात्र चांगला होता, त्याला नावं ठेवणार नाही. चढ नावाला नाही. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला खाऱ्या दलदलीचं खाजण, मधून बांधावरचा अरुंद रस्ता. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडायचा आणि त्यावर लांब चोचीचे पक्षी काहीतरी हरवल्यासारखे टोचत हिंडायचे. आम्हाला घाई नव्हती. जिथे चहा मिळेल तिथे थांबायचं, जिथे खोली मिळेल तिथे मुक्काम. विमा कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावर एकदम पंख फुटले होते. आणि पंख फुटले की शेपूट मागे हवंच.

या फिरण्याची एक बाजू आणखी होती. माझा शिवणाचा गाळा. आईने माझ्या नावावर केलेला, रस्त्याला लागून, तीन मशिनं, एक कापायचं टेबल आणि बायकांना वळून वळून बघता येईल असा उभा आरसा. शेजारच्या मेडिकलवाल्यांना तो हवा होता, दुकान वाढवायला. ह्यांचं म्हणणं, देऊन टाकू, डोळे गेले तुझे सुयांत, आता वर्षभर असं फिरू. माझं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं असं नाही. रोज विचारत होते. "विचार कर" म्हणायचे, आणि मी विचार करून तोंड उघडेपर्यंत पुढच्या बगळ्याबद्दल बोलायला लागायचे. फेरीबोटीच्या धक्क्यावर पोचलो की मेडिकलवाल्यांना कळवायचं असं ठरलं होतं. म्हणजे ह्यांनी ठरवलं होतं. मला गाळा द्यायचा नव्हता. धक्क्यावर उतरून, समोर उभी राहून, तोंडावर सांगायचं असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पाठीला सांगण्यात अर्थ नसतो.

जोडसायकलचा एक नियम आहे. थांबलेली सायकल सुरू करताना पुढच्याने विचारायचं, "निघू?" मागच्याने पाय पेडलवर ठेवून म्हणायचं, "हं." मगच पाय उचलायचा, नाहीतर दोघं आडवी. पहिले काही दिवस ह्यांनी हा नियम अगदी कसोशीने पाळला. नंतर ते "निघू" म्हणता म्हणताच निघायला लागले आणि माझं "हं" मागून धावत यायचं.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही बांधातल्या पाण्याच्या दारापाशी थांबलो. भरतीला हे दार बंद करतात, ओहोटीला उघडतात. तिथला राखणदार दार फिरवायच्या चाकाला ग्रीस लावत होता. ह्यांनी एक पाय जमिनीला टेकवून नकाशा काढला. माझ्या विजारीची दुमड उसवून चेनपाशी लोंबत होती, म्हणून मी उतरले, कठड्याशी वाकले आणि कॉलरमागच्या दोन टाचण्या काढल्या. एक दुमडीला लावली, दुसरी सवयीने ओठांत धरली. आयुष्यभर मी अशीच बोलले आहे, ओठांत टाचण्या धरून, म्हणजे बोललेच नाही.

"निघू?" असं ऐकू आलं.

टाचणी हातात घेऊन मी मान वर केली तोवर सायकल चालती झाली होती. मागची सीट रिकामी, तिच्याखाली आमच्या दोन्ही फुगलेल्या पिशव्या, पाठीवर वारा, आणि हे एका हाताने कुठलासा पक्षी दाखवतायत. बोलतायत. पाठ हलली की ह्यांचं बोलणं चालू आहे हे मला कळतं.

ओरडले असते तर ऐकू गेलं असतं. मी तोंड उघडलंही. मग मिटलं. म्हटलं, बघू तरी, कधी कळतंय.

सपाट मुलखाची हीच खोड आहे, काही लपत नाही. सायकल लहान होत गेली, पंपघराशी पोचली, पंपघराच्या पुढे गेली. एकदाही मान वळली नाही.

"मालक गेले की हो तुमचे," राखणदार म्हणाला.

"जाऊ द्या."

"रागावलेत का?"

"त्यांना अजून पत्ताच नाही."

तो हसू की नको अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने ग्रीसचा हात पुसून स्वतःचा फोन पुढे केला. माझा पिशवीत होता, म्हणजे ह्यांच्याबरोबर फिरायला गेला होता. मी नंबर फिरवला. बिझी. थोड्या वेळाने पुन्हा. बिझी. ह्यांचा फोन हँडलला अडकवलेला असतो आणि एका कानात वायर, चालवता चालवता बोलता यावं म्हणून. मी फोन परत केला आणि कठड्यावर बसून दुमड नीट टाचली. रडू येत नव्हतं, लाज वाटत होती, आणि ती त्या परक्या माणसासमोर वाटत होती.

पाणी चढायला लागलं, राखणदाराने चाक फिरवून दार बंद केलं, तेव्हा कुठे हे परत आले. लालबुंद, वाऱ्याविरुद्ध धापा टाकत.

"अगं, जीव गेला माझा! बोलायचं नाही का?"

"तोंडात टाचणी होती."

ह्यांना हसूच फुटलं. राखणदाराला म्हणाले, "बघा, बायको सांडली वाटेत! आणि मला वाटतंय, आज काय पळतेय गाडी!" मग पाणी प्यायले, मिशी पुसली. "बरं, ते एक काम झालं बघ. मेडिकलवाल्यांना कळवून टाकलं."

"काय कळवलंत?"

"आपलं ठरलं तेच. गाळा देतोय म्हणून. खूश झाले."

"कधी ठरलं?"

"अगं, विचारलं की तुला. पंपघरापाशी. म्हटलं, देऊन टाकू ना? हं म्हणालीस."

"मी म्हणाले?"

"मग कोण?"

"अहो, मी इथे होते."

त्यांनी पंपघराकडे पाहिलं. मग मागच्या सीटकडे पाहिलं. कचेरीत एखादा दावा नाकारायच्या आधी बघत असतील तसं जरा वेळ बघत राहिले.

"मग आधी कधीतरी म्हणाली असशील," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते खोटं बोलत असते तर मी भांडले असते, मोकळी झाले असते. पण ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच ऐकू आलं होतं. रिकाम्या सीटवरून माझा होकार आला होता, आणि त्यांच्या कानाला त्यात काहीही वेगळं वाटलं नव्हतं.

"फोन लावा," मी म्हणाले.

"आता? शब्द दिलाय मी."

"लावा."

मेडिकलवाल्यांनी उचलला. मी सांगितलं, गाळा द्यायचा नाही.

"वहिनी, साहेब आत्ताच तर हो म्हणाले."

"गाळा साहेबांचा नाही."

"बरं बरं. जरा साहेबांना देता का फोन?"

मी फोन बंद करून ह्यांच्या हातात ठेवला. राखणदार पाठ करून त्या ग्रीस लावून झालेल्या चाकाला पुन्हा ग्रीस लावायला लागला.

"माझी काय किंमत राहिली त्यांच्यापुढे?" हे म्हणाले. माझी किती आहे ते पंपघरापर्यंत मोजून झालं होतं.

धक्क्याला दुसरं वाहन जात नव्हतं. मी मागे बसले. त्या पाठीमागे बसताना मला पहिल्यांदाच किळस आली.

"निघू?"

मी गप्प राहिले. ह्यांनी पाय उचलला नाही. मान अर्धवट वळवून त्यांनी पुन्हा विचारलं, "निघू का?"

"निघा."

दोघांची पेडलं एकाच साखळीने बांधलेली असतात. जोर लावा, न लावा, मागच्याचे पाय फिरतच राहतात. मी जोर काढून घेतला. वारा पडला होता. ह्यांच्या पाठीवर घामाचा डाग पसरायला लागला आणि शर्टाचा जोड आणखी ओढला गेला. बऱ्याच वेळाने, पंपघर मागे पडल्यावर, ते धापा टाकत म्हणाले, "आज इतकं जड का जातंय?"

"मी बसलेय म्हणून."