बाईंना मत नाही

तिसरीच्या बाईंना शाळेत सगळे सभापती म्हणत. त्यात कौतुक कमी आणि चिडवणं जास्त. बाकीच्या वर्गांत नागरिकशास्त्र म्हणजे धडा वाचायचा आणि खालचे प्रश्न सोडवायचे. या बाईंच्या वर्गात मात्र सभा भरे. बाकं भिंतीला सरकवायची, सगळ्यांनी जमिनीवर गोल बसायचं, आणि फळा कुणी पुसायचा इथपासून खिडकीजवळची जागा कुणाला द्यायची इथपर्यंत सगळं हात वर करून ठरवायचं. शेजारच्या वर्गाचे सर जाता जाता डोकावत आणि विचारत, "काय सभापती, आज कुणाचं सरकार पडलं?" बाई हसून दार लोटून घेत. राग येत नसे असं नाही, पण आपलं बरोबर आहे याबद्दल त्यांच्या मनात तसूभर शंका नव्हती.

वर्ष सुरू झाल्यावर पहिल्याच सभेत एका मुलानं त्यांना गाठलं होतं. या मुलाला वर्ग वकील म्हणायचा, कारण तो हजेरीलासुद्धा "हजर" म्हणण्याआधी काहीतरी मुद्दा काढायचा. तो म्हणाला, "बाई, तुम्ही हात वर केला की सगळेच करतात. मग आमचं मत राहिलं कुठं?" बाईंनी तोच विषय सभेपुढे ठेवला आणि ठराव झाला. सभेत बाईंना मत नाही. बाईंनी विषय मांडायचा नाही. एखाद्या ठरावाचा पुन्हा विचार करायचा असेल तर तेही मुलांपैकीच कुणीतरी म्हणायला हवं. बाईंच्या अंगावर त्या दिवशी मूठभर मांस चढलं. भेटेल त्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली. सासूबाईंना तर दोनदा सांगितली.

पुढे या ठरावानं त्यांच्या नाकी नऊ आणले.

झालं असं की पालकांच्या मेळाव्यात काय करायचं याचा विचार चालू असताना मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "दर वर्षी तेच नाच आणि तीच गाणी. यंदा तिसरीची सभाच स्टेजवर होऊ दे. पण आटोपशीर हं, पाहुणे असतात." बाई हरखल्या. वर्गानं वर्षभरात केलेले नियम स्टेजवर सांगायचे असं ठरलं, प्रत्येकानं एक नियम, एकच वाक्य. चिठ्ठ्या उचलून वाक्यं वाटली. मुंगीच्या वाट्याला आलं, "पाण्याच्या नळावर रांग लावली की सगळ्यांना पाणी मिळतं."

मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान चणीची मुलगी. काम सांगा, ही आधी पळणार. दप्तरं रचणं, खुर्च्या ओढणं, कुणाचा सांडलेला डबा भरून देणं, सगळीकडे हिचा हात. बोलताना मात्र अडखळायची. शब्द ओठाशी येऊन थांबायचा, मान जराशी हलायची, आणि ऐकणाऱ्याचा धीर सुटायचा. "पाण्याच्या" या शब्दाचा पहिला प म्हणजे तिच्यासाठी डोंगरच होता.

पहिल्या तालमीत तिचं वाक्य संपेपर्यंत मागच्या दोघांनी एकमेकांना चिमटे काढून घेतले. दुसऱ्या दिवशीच्या सभेत वकिलानं विषय मांडला. "मोठ्या बाईंनी आटोपशीर म्हटलंय. मुंगीचं वाक्य रेडिओला द्यावं." रेडिओ म्हणजे पहिल्या रांगेतली मुलगी, कुठल्याही वेळी लावा, खणखणीत वाजणार. वकिलाच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. उलट मुंगीवरच उपकार करतोय असा त्याचा चेहरा होता. नियमाप्रमाणे त्यानं विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" कुणालाच नव्हतं. हात वर झाले. सगळे. बाईंनी मुंगीकडे पाहिलं, तर तिचाही हात वर होता, कोपरात जरा वाकलेला.

सगळं रीतसर झालं होतं. विषय मांडला गेला, विचारणा झाली, मतदान झालं, एकही मत विरोधात नाही. आणि तरीही जे झालं ते साफ चूक होतं. हात कसा वर करायचा हे त्यांनी पोरांना चांगलं शिकवलं होतं. कशासाठी हात वर करायचाच नाही, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी मुंगीला नळापाशी गाठलं. "तू का गं हात वर केलास?"

मुंगीनं पायानं माती उकरली. "स... सगळ्यांनी केला म्हणून."

संध्याकाळी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मग मोडून टाक तो ठराव. बाई तू आहेस ना?"

"मोडला की संपलंच की, आई. बाईंना पटतं तोवर आपलं राज्य, हेच शिकतील ती."

"आणि नाही मोडलास तर ती पोर काय शिकेल?"

त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत. शेवटी मनाशी ठरवलं, मेळाव्याच्या आदल्या दिवशीच्या सभेपर्यंत थांबायचं. तोवर पोरांपैकी कुणी बोललं नाही, तर आपण बोलायचं, ठराव मोडायचा आणि सभेचं जे व्हायचं ते होऊ द्यायचं.

पण एव्हाना वर्गाला नवी वाट सापडली होती. पुढच्या तालमीत एक मुलगा स्वतःचं वाक्य विसरला. लगेच विषय मांडला गेला, हात वर झाले, वाक्य रेडिओकडे. एकीचा आवाज मागे पोहोचेना, तिचंही वाक्य रेडिओकडे. एक जण हसत सुटला, त्याचं गेलं. मग तर पोरांना चटकच लागली. तालीम राहिली बाजूला, कोण कुठं चुकतंय यावरच सगळ्यांचे डोळे. जी मुलं पूर्वी वाक्य विसरलेल्याला हळूच पुढचा शब्द सांगायची, ती आता ओठ मिटून टपून बसली. बाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत होत्या, आणि हात बांधलेला माणूस जसा चरफडतो तशा चरफडत होत्या.

मग पाळी आली वकिलावरच. त्याचं वाक्य छोटंसंच होतं, पण ते त्यानं ऐटीत उलटं म्हटलं. "दुसऱ्याचं ऐकून घेतल्यावर आपण बोलतो" याऐवजी "आपण बोलल्यावर दुसऱ्याचं ऐकून घेतो." वर्ग खो खो हसला. विषय मांडला गेला. "कुणाला काही सांगायचंय?" वकिलाला खूप सांगायचं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मुद्दा सुचेना. हात वर झाले. वाक्य गेलं. पोरगं इतकं रडवेलं झालं की बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सभा भरली. बाई ठरवून आल्या होत्या. घसा साफ करून त्या उभ्या राहणार, एवढ्यात रेडिओ उठली. तिचा आवाज बसला होता. घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "मला इतकी वाक्यं नकोत. मी एकटीच बोलणार आणि तुम्ही सगळे नुसते उभे राहणार, तर ती सभा कसली?"

कुणी हसलं नाही. वकील खाली मान घालून म्हणाला, "माझं वाक्य मला विचारता काढून घेतलं. म्हणजे, न विचारता."

"मुंगीचंही आपण तसंच घेतलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"तिनं हात वर केला होता."

"तिला विचारलं कुठं होतं? तिला विचारा ना आत्ता."

सगळा वर्ग मुंगीकडे वळला. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मुंगीची मान हलली, ओठ मिटले, उघडले. आणि मागच्या त्या दोघांनीसुद्धा, ज्यांना एरवी चिमट्यांशिवाय चैन पडत नसे, या वेळी हात मांडीवर ठेवले.

"म... मला माझं वाक्य पाहिजे," मुंगी म्हणाली. "मला वेळ लागतो. पण मला येतं."

मग पोरांनी जो ठराव केला तो त्यांच्याच शब्दांत असा होता: "वर्गाचं जे आहे ते मतानं ठरवायचं. एकट्याचं जे आहे ते त्याला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, सगळ्यांचे हात वर असले तरी नाही." बाईंना मत नव्हतं. त्या खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत राहिल्या. पुस्तकातल्या धड्यात हे इतकं सरळ कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि त्यांनाही कधी असं सांगता आलं नसतं.

मेळाव्याला सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या ओळीत मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी पाहुणे, एक निवृत्त न्यायाधीश. तिसरीचा वर्ग स्टेजवर गोल बसला. वाक्यं सुरू झाली. एक जण विसरला, शेजारच्यानं हळूच सांगितलं. वकिलाचं वाक्य या खेपेला सुलटं आलं. मग मुंगी उभी राहिली.

"प..."

शब्द अडला. सभागृहात कुणीतरी खोकलं. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "प... पा..." पडद्यामागे उभ्या असलेल्या बाई एक पाऊल पुढे आल्या आणि परत मागे सरल्या. पाहुणे भले गृहस्थ होते, त्यांना त्या पोरीचे हाल बघवेनात. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नियम बघून ते पुढं वाकले आणि प्रेमानं म्हणाले, "पाण्याच्या नळावर रांग लावावी, असंच ना बाळ? शाब्बास. बस खाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगुलपणानंच वाजवल्या.

स्टेजवरचं एकही मूल टाळ्यांत सामील झालं नाही. सगळी मुंगीकडे पाहत बसून राहिली. मुंगी बसली नाही. तिनं टाळ्या थांबू दिल्या आणि पाहुण्यांकडे बघून म्हणाली, "थ... थांबा. माझं व्हायचंय."

मोठ्या बाईंच्या भुवया वर गेल्या. पाहुणे क्षणभर गोंधळले, मग खुर्चीत मागे टेकले आणि हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं. तुम्ही बोला."

बाईंना अभिमान वाटला. शिकवलेलं पाठ झालं की वाटतो तसला नव्हे. त्यांना वाटलं, उद्या आपण या वर्गात आलो नाही तरी चालेल. ऊर इतका भरून आला की श्वास घ्यायला त्यांनी पडद्याचा दोर धरला. तिकडे मुंगीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती, आणि भरलेलं सभागृह तिचं वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहत बसलं होतं.