आत्याच्या खोलीचा कुरकुरणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे, आणि लपवाछपवी कशाला, आधीच सांगून टाकतो: मी ओरडतो. जरा सरकवलं की असा कुईई करतो, की वरच्या मजल्यावरची माणसं दचकतात. या आवाजापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली. तरी आज या घरात माझा मान आहे. तो कसा, ते ऐका.

तरुणपणी मी बैठकीच्या खोलीला होतो. मला घडवणाऱ्या सुतारकाकांनी शेवटचा रंधा मारून माझ्या पाठीवर थाप दिली होती, "पन्नास वर्षं बघायला नको!" पाहुणे माझं कौतुक करायचे, मुलं माझ्याआड लपायची, रागावलेली माणसं मला धाडकन आपटायची. तेही मी गोड मानून घेत होतो. मग काचेचं नवं दार आलं आणि माझी रवानगी तळघरात झाली. तिथे मोडका पंखा, हवा गेलेल्या सायकली, रद्दीची खोकी आणि मी. बारा वर्षं भिंतीला टेकून उभा होतो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

माझं नशीब पालटलं ते आत्यामुळे. आत्या म्हणजे या घरातल्या बाबांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा हिनेच बाबांना लहानाचं मोठं केलं. आता ती लांबच्या गावी एकटी राहत होती. गुडघा दाखवायला यायची आणि त्याच दिवशी परत जायची. बाबा म्हणायचे, "राहा ना, ताई." ती हसून म्हणायची, "कुठे निजू? तुझ्या डोक्यावर?" वर खोल्या दोन आणि माणसं चार, जागा खरंच नव्हती. पण गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं: आता ताईला परत एकटं पाठवायचं नाही.

घर उतारावर होतं. त्यामुळे तळघराची मागची बाजू अंगणाला लागून, एकही पायरी नाही. सगळी अडगळ निघाली. ओल आलेली भिंत खरवडली, खिडकी मोठी केली, फिका पिवळा रंग दिला. घाईघाईने पलंगही आत नेऊन मांडला. मग बोलावलं सुताराला! म्हणजे वरातीमागून घोडं.

सुतार कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, दार उघडलं की पलंगाला धडकणार. सरकतंच बसवावं लागेल." एवढ्यात अडगळीबरोबर अंगणात काढून ठेवलेल्या माझ्यावर त्याची नजर पडली. त्याने बोटाने टकटक केलं. "अहो, हे कुठे दडवलं होतं? अस्सल माल आहे!"

बारा वर्षांनी कुणीतरी मला चांगलं म्हटलं. मला भरूनच आलं.

बिजागऱ्या गेल्या, डोक्यावर चाकं आली आणि मी लोखंडी पट्टीला लटकलो. पहिल्यांदा सरकलो तो ओरडतच. घरातली धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, दाराला बरं नाहीये!" सगळे हसले. बाबांनी मात्र मनावर घेतलं. ताईची झोपमोड नको म्हणून तेल घातलं, मेण घासलं, चाकं बदलून रबराची घातली. मी अगदी मुका झालो. सगळ्यांनी वाहवा केली आणि मीही फुगलो.

ऑपरेशन झाल्यावर आत्या काठी टेकत आली. खोली बघून तिचे डोळे भरले. "एवढं सगळं माझ्यासाठी?" ती म्हणाली आणि कितीतरी वेळ माझ्या फळीवर हात ठेवून उभी राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी ती मला सरकवून बाहेर आली. वर जाणाऱ्या जिन्याशी तिचा गुडघा लटपटला आणि ती मटकन खालच्या पायरीवर बसली. उठता येईना. वर धाकटी आणि तिची आई होत्या. एक हाक पुरली असती, पण आत्याने हाक मारली नाही. मी सगळं बघत होतो. अरे देवा, माझा आवाज असता तर! तासाभराने धाकटी सहज खाली आली, तेव्हा कळलं.

संध्याकाळी बाबा आले, तर आत्या पिशवी भरत होती.

"उद्या निघते मी. तुम्हाला उगाच घोर."

"ताई, हाक का नाही मारलीस?" बाबांनी विचारलं.

"हाक मारायची सवय तुला रे. मला धावत यायची. आता या वयात कुठे शिकू?"

बाबा तडक बाहेर गेले. ते रॉकेलचा बोळा आणि स्टूल घेऊन आले. माझं तेल पुसलं, मेण खरवडलं, जुनी चाकं परत बसवली. मग मला जोरात सरकवलं. कुईई!

वरून धाकटी ओरडली, "आले, आत्या!"

"ऐकलंस?" बाबा म्हणाले. "तू हाक मारू नकोस. दार मारेल."

आत्या आधी हसली, मग पदराने डोळे टिपत राहिली. पिशवी तशीच पलंगाखाली गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. आणि कुणी कुरकुरलं की लगेच तेलाची बाटली शोधू नका, आधी कान द्या. जी माणसं कधीच हाक मारत नाहीत, त्यांच्याकडे तर जास्तच लक्ष ठेवा.

आता आत्याचा गुडघा बरा आहे. काठीही सुटली. तरी परवा दुपारी तिने मला उगाचच सरकवलं, उंबऱ्यावर उभी राहिली आणि वर कान लावला. जिन्यावर धावती पावलं वाजली.

"काय हवंय, आत्या?"

"काही नाही गं," आत्या म्हणाली. "हाक मारून बघितली."